पडद्याआडून आलेला जुलै

सदतीस वर्षं तिने दुसऱ्यांचे शब्द सांभाळले होते. नाटक कोणतंही असो, विंगेत एका उंच स्टुलावर, मांडीवर संहिता आणि हातात रुमाल गुंडाळलेली छोटी बॅटरी घेऊन ती बसायची. रंगमंचावर कुणी अडला की त्याच्या कानात नेमका पुढचा शब्द टाकायची. कंपनीतल्या लोकांनी तिचं नाव कुजबूज ठेवलं होतं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि हळूहळू घरातल्या माणसांनाही तिचं खरं नाव आठवायला दोन क्षण लागू लागले. भाची तर सरळ कुजबूजमावशीच म्हणायची.

खरं तर ती कधी कुजबुजत नसे. फुसफुसून बोललं की त्यातला ‘स’ आणि ‘श’ थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. ती छातीतून बोलायची. आवाज दबका, सरळ, एकाच कानाच्या मापाचा. तीन हातांवरच्या नटाला शब्द मिळायचा आणि चार हातांवरच्या नटीला त्याचा पत्ताही लागत नसे. या कसबाचा तिला अभिमान होता. फक्त निवृत्तीनंतर त्याचं करायचं काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वयाच्या शहात्तराव्या वर्षी वरच्या फळीवरचा डबा काढायला ती खुर्चीवर चढली, खुर्चीने दगा दिला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मग हाडांच्या वॉर्डात, बायकांच्या बाजूला, खिडकीपासून दुसरी खाट तिच्या वाट्याला आली.

खिडकीजवळच्या पहिल्या खाटेवर तलावबाई होत्या. वय एकोणऐंशी, आवाज तरण्याताठ्या माणसाला लाजवेल असा. सगळी हयात त्यांनी पोहायला शिकवण्यात घालवली होती. वॉर्डातल्या डॉक्टरांचे वडीलही म्हणे त्यांच्याच हाताखाली पाण्यात पडलेले.

“आयुष्यभर ओल्या फरशीवर पळत गेले, एकदाही घसरले नाही,” पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. “आणि परवा लेकीच्या कोरड्या ठणठणीत जिन्यावर आपटले. दंडाचे दोन तुकडे! सांगायची लाज वाटते हो.”

सोमवारी ऑपरेशन करून त्यांच्या दंडात धातूची पट्टी बसवली आणि हात झोळीत अडकवला. मंगळवारी सकाळी सिस्टर कागद घेऊन आली. ही सिस्टर वॉर्डात नवी होती, चेहऱ्याने हसरी आणि हाताने चटपटीत. साठीच्या पुढच्या प्रत्येक बाईला रोज सकाळी चार प्रश्न विचारायचे, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणून घ्यायचे आणि कागदावर गुण मांडायचे, हे काम तिच्याकडे होतं. शून्य आलं की ठीक. आकडा वाढला की डॉक्टरांना बोलवायचं.

दोन खाटांमधला पडदा ओढून सिस्टर खिडकीच्या बाजूला उभी राहिली.

“आजी, वय किती तुमचं?”

“आजी कुणाची? बाई म्हण. एकोणऐंशी!”

जन्मतारीख, हे ठिकाण कोणतं, साल कोणतं, सगळी उत्तरं अशी आली की समोरच्या खाटेवर विणकाम करणाऱ्या आजीबाईंचे टाके चुकले. उलटे महिने तर बाईंनी शर्यत लावल्यासारखे म्हटले आणि जानेवारीला पोचल्यावर विचारलं, “किती सेकंद लागले?”

बुधवारीही तेच झालं. पडद्याअलीकडे कुजबूज कान देऊन ऐकत होती. एखादा मजकूर दोनदा कानावरून गेला की तो तिच्या डोक्यात बसायचा, मग काढू म्हटलं तरी निघायचा नाही. तलावबाईंची जन्मतारीख तिला आता स्वतःच्या जन्मतारखेइतकी पाठ होती.

दोघींची गट्टी जमायला तेवढे दोन दिवस पुरले. व्यायामाच्या वेळी कुजबूज उभं राहताना श्वास रोखायची, तर तलावबाई पलंगावरूनच ओरडायच्या, “श्वास सोडा! सोडा म्हणजे सोडा, बँकेत ठेवू नका!” कुजबूजने नटांचे किस्से सांगायचे आणि त्यांनी पोट धरून हसायचं, हा दुपारचा कार्यक्रम ठरून गेला.

गुरुवारी सकाळी गडबड झाली. चार प्रश्न नीट पार पडले. महिने सुरू झाले.

“डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट...”

आणि शांतता.

शांतता दोन प्रकारची असते, हे कुजबूजला पक्कं माहीत होतं. नटाने मुद्दाम घेतलेली एक, आणि पाय घसरल्याची दुसरी. ही दुसरी होती. तिने काही ठरवलंच नाही. सदतीस वर्षांची सवय आपली आपण तोंडातून बाहेर पडली.

“जुलै.”

“जुलै!” तलावबाई म्हणाल्या. “जून, मे...” आणि गाडी पुढे निघाली.

“शाबास,” म्हणून सिस्टरने शून्य मांडलं. खाटेच्या पलीकडे उभ्या असलेल्या तिला ढिम्म काही ऐकू आलं नव्हतं. त्यात चहाची गाडी खडखडत होती. कुजबूजला आतून गुदगुल्या झाल्या. कसब अजून गेलं नाही म्हणायचं, तिला वाटलं. एकदा अडखळणं काय, भल्याभल्यांचं होतं.

शुक्रवारी मात्र “साल कोणतं?” इथेच शांतता आली. कुजबूजने साल पुरवलं. मग नोव्हेंबर पुरवला, सप्टेंबर पुरवला, आणि ऑगस्टनंतर तर एकेक महिना चमच्याने भरवावा तसा भरवला. तलावबाईंचं तोंड पडद्याच्या बाजूला होतं, त्यामुळे शब्द बरोबर पोचत होता. सिस्टरने पुन्हा शून्य मांडलं.

“तुमच्या कोपऱ्यात सगळं उत्तम आहे बघा,” पडदा सारताना ती म्हणाली, “डॉक्टर खूश होतील.”

त्या दुपारी किस्से झाले नाहीत. तलावबाई डोळे मिटून पडल्या होत्या. सूप थंड होऊन त्यावर साय धरली. मध्येच त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत विचारलं, “माझी शिट्टी कुठाय? पोरं पाण्यात आहेत.”

“कसली पोरं, बाई?”

त्यांनी डोळे पुन्हा मिटले. स्वप्न पडलं असेल, असं म्हणून कुजबूजने मनाची समजूत घातली. संध्याकाळी लेक आली तेव्हा त्या अर्धा तास चांगल्या बोलल्या, नातवाच्या परीक्षेची चौकशीही केली. मग पुन्हा पापण्या जड झाल्या.

“आई शांत आहे आज,” लेक कौतुकाने म्हणाली. “घरी एक मिनिट स्वस्थ बसत नाही. बरं झालं, विश्रांती तरी मिळतेय.”

कुजबूजच्या तोंडावर आलं होतं की अहो, शांत आहेत हेच मला बरं दिसत नाही. पण परक्याच्या घरातल्या गोष्टीत आपण कशाला नाक खुपसायचं, म्हणून ती गप्प राहिली.

शनिवारी सकाळी सिस्टर आली, पडदा ओढला गेला. कुजबूजने उशी पाठीशी सरकवून जवळजवळ स्टुलावर बसल्यासारखी बैठक मारली होती. वय पुरवलं. जन्मतारीख पुरवली. तलावबाई तिच्यामागून शब्द उचलत होत्या, पण इतक्या पुटपुटत, की सिस्टर दोनदा “काय म्हणालात?” म्हणाली. हा तर नाटकात हमखास यायचा प्रसंग. त्यावरचा उपायही ठरलेला होता.

“डिसेंबर,” कुजबूज म्हणाली. “मोठ्याने बोला.”

“डिसेंबर,” तलावबाई म्हणाल्या. “मोठ्याने बोला.”

“नोव्हेंबर. अहो, ते नका म्हणू.”

“नोव्हेंबर. अहो, ते नका म्हणू.”

पलीकडे पेन थांबलं. मग पडद्याच्या कड्या सर्रकन वाजल्या आणि सिस्टर समोर उभी राहिली. कुजबूज तोंड अर्धवट उघडं टाकून तशीच बसली होती. आधी सिस्टरला हसू फुटलं, ते तिला आवरेचना. समोरच्या आजीबाईही सुया खाली ठेवून हसायला लागल्या. पण सिस्टरने मान वळवून तलावबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. कुणाकडेच बघत नव्हत्या. झोळीच्या पट्टीचा एक दोरा चिमटीत धरून ओढत होत्या, सोडत होत्या, पुन्हा ओढत होत्या. सिस्टरचं हसू मावळलं.

“मावशी, हे किती दिवस चाललंय?”

“गुरुवारपासून,” कुजबूज म्हणाली. “मला वाटलं, त्यांची अब्रू झाकतेय.”

सिस्टर तिच्या खाटेच्या कडेला बसली. ती रागावली असती तर सोसलं असतं, पण ती समजावून सांगायला लागली, आणि ते जास्त लागलं.

“मावशी, मला उत्तरं नको असतात. साल कोणतं ते मला माहीत आहे. माणूस कुठे अडतं, ते बघायला मी येते. ऑपरेशन, नवी औषधं, अंगातलं पाणी कमी होणं, यातल्या कशानेही या वयात डोकं दोन दिवसांत गढूळ होतं. याला भ्रम म्हणतात. हे वेड नव्हे आणि म्हातारपणाचं विसरणंही नव्हे. आत काहीतरी बिघडलं म्हणून होतं, आणि ते वेळेवर शोधलं तर बहुतेक वेळा उतरतं. जे आरडाओरडा करतात, ते लगेच कळतात. जे गप्प होतात, ते निसटून जातात.”

“म्हणजे मी त्यांना निसटू दिलं.”

“चूक माझीही आहे. कागदाकडे बघत बसले, माणसाकडे कमी बघितलं.” सिस्टरने कोरा कागद काढला. “आता असं करा. कुठे, कधी, काय अडलं, आठवेल तेवढं सांगा.”

आठवेल तेवढं! कुजबूजने डोळे मिटले आणि संहिता वाचावी तसं सांगायला सुरुवात केली. गुरुवारी सकाळी ऑगस्टनंतर अडल्या, एकच शब्द दिला. दुपारी जवळजवळ ठीक, दोन किस्से ऐकले, दुसऱ्याला चुकीच्या जागी हसल्या. शुक्रवारी सकाळी साल गेलं, मग एकूण नऊ महिने द्यावे लागले. सूप घेतलं नाही. अडीचच्या सुमाराला शिट्टी मागितली. साडेपाचला लेक आली, अर्धा तास स्वच्छ. सहानंतर पुन्हा धुकं. आज सकाळी वयापासून सगळं द्यावं लागलं.

सिस्टरचं पेन भराभर चाललं होतं. “येतंय आणि जातंय,” ती स्वतःशी म्हणाली. “अगदी तसंच.” आणि ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

डॉक्टर आले. कागद वाचला आणि कुजबूजकडे एकदा रोखून पाहिलं.

“हे सगळं तुम्ही पाठ ठेवलंत?”

“तो माझा धंदाच होता.”

“मग आणखी एक सांगा. या उठून बाथरूमला शेवटच्या कधी गेल्या? आमच्या नोंदीत नुसतं ‘स्वतः जातात’ असं लिहिलंय.”

विंगेत बसणारीला कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं, हे विचारावं लागत नाही. “काल दुपारी, जेवणाची ताटं यायच्या आधी. त्यानंतर एकदाही नाही.”

डॉक्टरांनी पोटावर फिरवायचं छोटं यंत्र मागवलं. पडदा लागला. पाचच मिनिटांत आतून सिस्टरचा आवाज आला, “बाप रे, केवढं साठलंय!” नळी घालून मूत्राशय रिकामं केलं तेव्हा तलावबाईंनी असा सुस्कारा सोडला, की समोरच्या आजीबाईंनाही बरं वाटलं.

मग औषधांचा तक्ता उलगडला गेला. बुधवारी संध्याकाळी झोळीखाली खाज सुटते म्हणून एक गोळी सुरू झाली होती, दिवसातून तीन वेळा. साधी खाजेची गोळी. पण ती वयस्कर माणसाला गुंगी आणते, लघवी अडवते आणि डोक्यात धुकं भरते, असं डॉक्टरांनी लेकीला फोनवर समजावलं. कुजबूजने अर्थातच तेही ऐकलं. गोळी बंद झाली. रक्त तपासायला गेलं, सलाइन लागलं. लेकीला निरोप गेला की दिवसभर येऊन बसा, आईचा चष्मा आणा, ओळखीचं बोलत राहा. चष्मा सोमवारपासून कपाटाच्या खणातच पडून होता. ऑपरेशनच्या आधी काढून ठेवला, तो कुणी पुन्हा डोळ्यांवर चढवलाच नव्हता.

“मावशी,” जाता जाता सिस्टर म्हणाली, “उद्या मी पुन्हा विचारायला येणार. तुमची खाट हलवू का?”

“नको. मी तोंडातून ब्र काढणार नाही.”

बोलायला सोपं होतं. रविवारी सकाळी सिस्टरने “हे ठिकाण कोणतं?” विचारलं आणि तलावबाई गप्प झाल्या, तेव्हा कुजबूजने चादरीचं टोक दातांत धरलं. उत्तर जिभेवर नाचत होतं. बाई “तलावाचं ऑफिस” म्हणाल्या. महिन्यांत त्या ऑक्टोबरपर्यंत पोचल्या, तिथून मार्चला गेल्या आणि तिथेच राहिल्या. सिस्टरने जे होतं ते मांडलं आणि प्रेमाने सांगितलं, “आजी, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. हात मोडलाय, बरा होतोय. ही तुमची लेक बघा.” सदतीस वर्षांत कुजबूजला इतकी वाईट सकाळ आठवत नव्हती. एकदा नायकाला आख्खा तिसरा अंक आठवेना, तेव्हाही तिच्या हातात काही करण्यासारखं होतं.

सोमवारी तलावबाईंनी चष्म्यातून भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि चहा उशिरा आला म्हणून कुरकुर केली. लेकीला रडू आलं. कुरकुर ऐकून रडणारी मुलगी सिस्टरने पहिल्यांदाच पाहिली असावी.

मंगळवारी महिने सुरू झाले. डिसेंबर. नोव्हेंबर. सावकाश, पण पायाखाली जमीन असल्यासारखे. सप्टेंबर. ऑगस्ट. आणि तिथे पुन्हा शांतता. कुजबूजने डोळे गच्च मिटून घेतले. एक, दोन, तीन...

“थांब, घाई करू नकोस,” तलावबाई सिस्टरला म्हणाल्या. “जुलै. आणि त्याच्या आधी जून. आणि आज तरी मला बाई म्हणणार आहेस की नाही?”

पडद्याअलीकडून टाळ्या आल्या. समोरून दोन सुया एकमेकींवर वाजल्या.

दुपारी लेक जेवायला गेली, तेव्हा तलावबाईंनी हाक मारली, “अहो, जरा इकडे बघा. मधले दिवस मला सापडत नाहीत. काय झालं होतं?”

कुजबूजने सांगितलं. शिट्टी, ऑफिस, दोरा ओढणं, सगळं. मग आपण शब्द पुरवल्याचंही सांगितलं, काही न लपवता. “दोन दिवस आधी कळलं असतं. माझ्यामुळे राहिलं.”

तलावबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“अहो, ते नका म्हणू, हेसुद्धा मी म्हटलं?” त्यांनी विचारलं.

“जसंच्या तसं. सुरात.”

मग त्या हसायला लागल्या. दंड दुखतोय म्हणून “आई गं” म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. “मी रागावले आहे बरं का,” त्या म्हणाल्या. “नीट रागावले आहे. पण एक सांगते. मला त्यातलं एवढंच आठवतंय की मी खूप खोल होते, वरचं सगळं हलत होतं, आणि कडेने कुणीतरी एकेक शब्द देत होतं. तो धरून मी थांबले होते. तेव्हा हिशेब फिटला असं नाही, पण निम्मा फिटला.”

“आणि उरलेला निम्मा?”

“उद्यापासून जिन्याच्या तीन पायऱ्या चढायच्या. श्वास सोडत. मी बघणार.”

बघायला त्यांना मिळालं मात्र नाही, कारण बुधवारी सकाळीच डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं. खाजेच्या त्या गोळीचं नाव लेकीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, ‘पुन्हा देऊ नये’. तलावबाईंनी चाकाच्या खुर्चीत बसायला साफ नकार दिला, सिस्टरशी दहा मिनिटं वाद घातला, हरल्या, आणि मग खुर्चीत बसून सगळ्या वॉर्डाला सूचना देत निघाल्या. लेक मागून पिशव्या सांभाळत कुजबूजचा फोन नंबर लिहून घेत होती. कुजबूज काठीच्या आधाराने दारापर्यंत गेली. परत खाटेवर यायला तिला बराच वेळ लागला, आणि आल्यावर खिडकीकडे बघायचं तिने जरा टाळलं.

दुपारी त्या खाटेवर नवी बाई आली. मांडीचं हाड, ऑपरेशन उद्या. चेहरा घाबरलेला. कुजबूजने पडदा पुरता बाजूला सारला आणि खुर्ची जवळ ओढली.

“घाबरू नका, इथली माणसं चांगली आहेत. एक विचारू? एरवी तुम्ही कशा असता? म्हणजे बोलक्या की अबोल?”

“मी?” नवी बाई म्हणाली. “मी अगदी अबोल हो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आमचे हे नेहमी म्हणायचे, की तू बोलत जा गं थोडं. तर मी म्हणायचे, बोलायचं काय? आता आमची धाकटी जाऊ, ती बोलकी. तिची गंमत सांगते...”

जाऊबाई संपल्यावर व्याही आले, व्याही संपल्यावर शेजाऱ्याची कुत्री आली. चहाची गाडी येऊन गेली. पावणेदोन तासांनी सिस्टर तक्ता भरायला आली, तेव्हा कुत्रीचं दुसरं बाळंतपण चालू होतं.

कुजबूजने खुर्चीतूनच जरा वाकून सिस्टरच्या कानात सांगितलं, “लिहून ठेवा. हे यांचं नेहमीचं.”